हातात दिलेला लोटा

आईची पितळी भांडी मोडीत द्यायला गेलो, तर दुकानदाराच्या ढिगात तो दिसला. बसका पितळी लोटा. टिचकी मारली, आवाज बद्द आला. काठाखालून बोट फिरवलं तर तांदळाच्या कणीएवढं भोक लागलं. "गळका हाय, किलोच्या भावानं जाईल," दुकानदार म्हणाला. गळका नव्हता तो, दुहेरी भिंतीचा होता.

गारुड्याचा लोटा. पाणी भरलं की ते दोन भिंतींमधेही शिरतं. अंगठ्यानं काठाखालचं भोक दाबून लोटा उपडा केला की पोटातलं पाणी सांडतं, भिंतींमधलं अडकून राहतं. हवेला आत यायला वाटच नसते. लोटा सरळ ठेवून अंगठा उचलला की तळाजवळच्या दुसऱ्या भोकातून पाणी पुन्हा पोटात उतरतं.

घाटनांदूरच्या आठवडी बाजारात गारुड्यानं असाच लोटा माझ्या हातात दिला होता. "लेकरा, बग, कुठं भोक हाय का." मी आत हात घातला, बूड चाचपलं. काही सापडेना. त्याला घाई नव्हती. "आजून बग," म्हणाला.

काही जादूगार म्हणतात, सामान मागितल्याशिवाय दाखवू नये, संशयाला आवतण कशाला? मला ते पटत नाही. वस्तू लोकांच्या हातात टिकली पाहिजे.

पण तेवढ्यानंही भागत नाही. १८५६ साली फ्रेंच सरकारनं रॉबेअर-हूदँ या जादूगाराला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या मराबूत साधूंचा पगडा मोडायला. त्याची पेटी लहान मूलही उचलायचं. मग दांडग्या गड्याला ती हलायची नाही. पेटीचा तळ लोखंडी आणि खाली विजेवरचा लोहचुंबक. पेटी हवी तेवढी तपासा, लबाडी पेटीत नव्हतीच. आपलं बळ गेलं, अशी भीती त्या गड्याला घातली, तीही परक्या राज्याच्या सोयीसाठी. या खेळाचं कौतुक मला कधी करवलं नाही.

आमच्याकडं एक बाबा यायचे, जिभेतून त्रिशूळ आरपार काढायचे. जवळ गेलं की शिष्य ढकलून द्यायचे. तो धक्का मी विसरलेलो नाही. पुढं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या एका कार्यकर्त्यानं तसाच त्रिशूळ पोरांच्या हातात दिला. सळई मधोमध वाकवलेली, त्या बाकात जीभ बसते, छिद्र पडतच नाही. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, पैसे उकळणं गुन्हा ठरवलं. गारुड्याला त्याचं काय भय? तो खेळ संपताना हात जोडून सांगायचा, "मायबाप, हातचलाखी हाय, पोटासाठी करतो."

"आजून बग." सगळ्या बाजारात आपली वस्तू आपणहून पुढं करणारा तो एकटाच. पलीकडं आडतीवर आमची तूर मापाला लागायची. वडील काट्याकडं बघत उभे. रिकामा काटा दाखवा म्हटलं की, "विश्वास नाही का, अण्णा?" वजनांवर सरकारी शिक्का असतो, तो बघायचा आपल्याला हक्क आहे, हे वडिलांना ठाऊक होतं. तरी ते बोलायचे नाहीत. पुढच्या पेरणीची उचल त्याच आडत्याकडून घ्यायची असायची.