फोंताइन्हासच्या वेलींखाली

पणजीतील आल्तिनोची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्यामध्ये फोंताइन्हास ही जुनी वस्ती वसलेली आहे. निळ्या, पिवळ्या, तांबड्या भिंती, कौलारू छपरे आणि कुंपणांवरून ओघळणारी बोगनवेल. ज्येष्ठांसमवेत सावकाश हिंडावे अशाच या अरुंद गल्ल्या आहेत. उन्हे तापण्यापूर्वी जावे. गुडघे दुखत असतील तर टेकडीकडच्या चढणीचा मोह टाळून खाडीच्या बाजूने चालावे.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. 1767 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल याच्या सफरीतील वनस्पतिशास्त्रज्ञाला ती रिओ द जानेरो येथे आढळली. त्या काळी ब्राझील आणि गोवा, दोन्हींवर पोर्तुगीजांचाच अंमल होता. जवळ जाऊन पाहिले, तर तिचा गडद गुलाबी भाग फूल नसून पान असल्याचे ध्यानात येते. खरे फूल आत, नाजूक आणि पांढुरके असते. तिच्या काट्यांपासून मात्र मधुमेहींनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जपावे.

मधुमालती आपल्याच आशियातील. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, मग गुलाबी आणि पुढे लाल होते; एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. स्मृती मंदावलेल्या आजींना ‘यातले आजचे फूल कोणते?’ एवढेच विचारावे. उत्तर चुकले तरी बिघडत नाही; सुगंधाच्या निमित्ताने संवाद सुरू होतो.

परंतु गोव्यात काय किंवा आपल्या अंगणात काय, काही शोभेची झाडे विषारी असतात, आणि वैद्यकाच्या नजरेला ती आधी दिसतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनशी त्यांचे जवळचे साम्य आहे; म्हणून ते औषध घेणाऱ्यांना धोका अधिक. बिट्टीच्या बिया तर विशेष घातक. पिवळ्या अलामांडाचा चीकही त्वचेला व पोटाला त्रासदायक असतो.

विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती पान सहज तोंडात घालते. कोणी ऐकीव माहितीवर मुळीचा काढा करून पिते. त्यानंतर उलट्या, भोवळ, मंद किंवा अनियमित नाडी अशी लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी लक्षणांची वाट पाहू नये, घरी उलटी करवू नये. झाडाची फांदी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

यासाठी कण्हेर उपटून टाकण्याचे कारण नाही. तिचे फूल देवाला वाहावे आणि हात धुवावेत. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो. घरातील प्रत्येकाला अंगणातल्या झाडांची नावे आणि त्यांचे गुणदोष ठाऊक असावेत, एवढी दक्षता पुरेशी आहे.