दुसरा खेळ

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या मित्रमंडळीत मला 'अष्टपैलू' म्हणत. पदवी मोठी, कारण किरकोळ. कबड्डीत चढाईला मी, खो-खोत पाठलागाला मी, व्हॉलीबॉलमध्ये नेटजवळ मी. आणि एकदा गडी कमी पडला म्हणून गोळाफेकीलाही नाव देऊन आलो होतो. तो गोळा माझ्याच पायाशी पडला, ही गोष्ट वेगळी.

मग एका सामन्यात चढाई करताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी धावणे-उड्या मारणे बंद केले. संघातून नाव गेले. ते जाणारच होते. पण ज्यांच्यासोबत रोज खेळलो, त्यांच्यापैकी कुणी विचारपूसही केली नाही, हे फार लागले. संध्याकाळी मैदानावर शिट्टी वाजली की मी खोलीची खिडकी लावून घेई. सुटीत वर्ध्याजवळच्या आमच्या खेड्यात गेलो, तर आजी म्हणाली, "काहून रे, असा कोनट्यात बसून राह्यतं? खेळ गेला म्हंजे का जीव गेला?" मला रागच आला. आजीला खेळातले काय कळते!

त्याच सुटीत मुरलीकांत पेटकरांची हकीकत वाचली. 2024 साली त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला तेव्हा नाव कानावर पडले होते. माणूस ठाऊक नव्हता. सांगली जिल्ह्यातला 1944 सालचा जन्म. सैन्यात ई.एम.ई. विभागात कारागीर जवान, आणि खेळ मुष्टियुद्धाचा. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. मुष्टियोद्ध्याचे पायच गेले, तर उरले काय?

पेटकरांनी उरलेले हात पाहिले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि पोहण्यातच रमले. टेबल टेनिसची बॅट धरली. 1968 साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये त्या खेळात पहिली फेरी जिंकली. 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमधले आपले पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने 2008 साली आणले, म्हणजे तब्बल 36 वर्षांनी! त्याच हायडेलबर्गला पेटकर भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीच्या स्लॅलम शर्यतीतही अंतिम फेरीत होते. अष्टपैलू म्हणावे ते अशांना.

आणि कौतुक? पद्मश्री मिळाली 2018 साली. मधे 46 वर्षे गेली. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार तर जानेवारी 2025 मध्ये हाती आला, तेव्हा वय 80. हे वाचताना मी ओशाळलो. कुणी चार महिने विचारपूस केली नाही म्हणून खिडकी लावून बसणारा मी! माझा गुडघा आणि त्यांचे दुखणे यांची तुलना करण्याइतका मी वेडा नाही. पण एक खेळ हातून गेल्यावर दुसऱ्यात पहिल्या धड्यापासून, नवशिक्या होऊन सुरुवात करणे, हे मला आजवर सुचलेच नव्हते. मला जमतील तेवढेच खेळ मी खेळत होतो.

डॉक्टरांना विचारले. पोहायला त्यांची ना नव्हती. पण मला पोहता येत नव्हते! शेवटी मामाच्या शेतातल्या विहिरीत, विशीतला मी, पाठीला रिकामा डबा बांधून उतरलो. काठावर पाचवी-सहावीतली पोरे पोट धरून हसत होती. माझे गुरू तीच. विहिरीच्या या कडेपासून त्या कडेला पोचायला मला पेटकरांच्या 50 मीटरपेक्षा जास्त वेळ लागला असेल. नाकातोंडात पाणी गेले.

संध्याकाळी ओले कपडे वाळत घालताना आजीने विचारले, "बुडला नाही ना?"

"नाही."

"मंग उद्या डबा सोडजो."

डबा सुटायला अजून आठ दिवस लागले.