पंगाऱ्यावरची द्राक्षं

नाशिककडच्या जुन्या बागांत द्राक्षाची वेल पंगाऱ्यावर चढवलेली असे. पंगारा शेंगवर्गातला, त्याची पानं वेलीच्या बुडाशी गळत आणि तिथंच कुजून खत होत. भोकरी, फकडी ही तेव्हाच्या जातींची नावं. माझ्या लहानपणी अनाबशाही होती. मणी टपोरा, आत बिया. बिया थुंकत खाण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग थॉमसन सीडलेस आली, पाठोपाठ तासगावकडची तास-ए-गणेश. लोखंडी मांडव, ठिबक, कलमाला डॉगरीजचे खुंट, मणी फुगवायला जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड बुडवणं. या सगळ्यावर निफाड-दिंडोरीत घरं उभी राहिली, पोरं शिकली. त्याला नावं ठेववत नाहीत.

पण ऋतू तेव्हाचा राहिला नाही. पाऊस उघडला की ऑक्टोबर छाटणी, हे गणित ठरलेलं होतं. आता छाटणीनंतरही पाऊस येतो. बाग फुलोऱ्यात असताना तो आला की केवडा रोग पडतो, घड कुजतात. मणी पिकताना आला तर तडे जातात. 2023च्या नोव्हेंबरात निफाड भागात गारपिटीनं उभ्या बागा झोडपल्या. पाऊस जितका अवेळी, तितक्या फवारण्या जास्त. काहींनी बागांवर प्लास्टिकचं आच्छादन घातलं, पण तो खर्च प्रत्येकाच्या आवाक्यातला नाही.

इथं मला खाणाऱ्याशी बोलावंसं वाटतं. 2010मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली, आणि निर्यातीच्या बागेतली तपासणी आणखी कडक झाली. परदेशी गिऱ्हाइकानं विचारलं म्हणून हे झालं. आपण पुण्या-मुंबईत गाडीवर काय विचारतो? गोड आहेत का, आणि मणी मोठे का नाहीत. मण्यावरची पांढरट झाक हा द्राक्षाचा स्वतःचा मेणाचा थर, तिलाही औषध समजून पेटी परत ठेवणारे मी पाहिलेत. बारीक, जरा डागाळलेला घड तर कुणी हातातही घेत नाही. त्या डागाच्या भीतीनं बागेत आणखी एक फवारा बसतो.

आजही काही जण दोन ओळींत ताग पेरून जमिनीत गाडतात, वेलीच्या बुडाशी असलेल्या बोदावर उसाचं पाचट अंथरून पाणी वाचवतात, ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी सोडतात. ही माणसं पंगाऱ्याच्या काळाशी नातं राखून आहेत, असं मला मनापासून वाटतं. बाजार समितीत मात्र त्यांची पेटी इतरांच्याच भावात जाते. किलोमागं चार रुपये जास्त द्यायची माझी तयारी आहे. तशी पेटी वेगळी ओळखता येईल, अशी सोय आपल्या बाजारात व्हायला हवी.