उनाड गुरांच्या मुलुखात

अणुस्कुरा घाट उतरून राजापूर तालुक्यात शिरले, की कोकणचे खरे रूप दृष्टीस पडते. खाली भातखाचरे, माडपोफळींची आगरे आणि कौलारू घरे. वर जांभ्या दगडाचे उघडे सडे. पावसाळ्यात या सड्यांवर गवत माजते व तेच गुरांचे चरण्याचे ठिकाण. याच तालुक्यात ‘देवाचे गोठणे’ नावाचा गाव आहे. गोठण म्हणजे गुरे एकत्र जमून विसावा घेण्याची जागा. गुरांची जागा एके काळी अशी ठरलेली असे.

सांप्रत ती ठरलेली नाही. आम्ही या भागातून हिंडलो तेव्हा भातकापणी उरकली होती. पूर्वी भात निघाले, की जमिनीतील ओलीवरच कुळीथ, पावटा, चवळी पेरीत. वर्षाच्या कडधान्याची बेगमी त्यातून होई. आता बहुतेक खाचरे रिकामी दिसली. कारण विचारता एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस उलट विचारले, “गुरुजी, गुरे उनाड सुटली आहेत, पेरायचे ते कोणासाठी?”

कापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची चाल येथे जुनीच आहे. परंतु तेव्हा त्यांच्यामागे गुराखी असे, आणि नांगराला बैल व शेताला शेणखत हवे असल्यामुळे दिवेलागणीस ती गोठ्यात परतणे धन्याच्याच हिताचे असे. आता नांगरणी यंत्राने होते, गुराख्याचा मुलगा मुंबईस गेला आहे, आणि येथील ठेंगण्या गाईचे दूध ते किती! गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ पासून बैलही तीत आले. कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. म्हाताऱ्या बैलास गिऱ्हाईक उरले नाही, एवढे खरे. मग दावे सोडले जाते. पावसाळ्यात हीच जनावरे कोरडी जागा म्हणून डांबरी रस्त्यावर बसतात आणि अंधारात वाहनांखाली सापडतात. कधी जनावर मरते, कधी माणूस.

उपाय नव्हते असे नाही. १८७१ च्या कायद्याने कोंडवाडे आले. दंड भरून जनावर सोडवावे, न सोडविल्यास त्याचा लिलाव व्हावा, अशी ती व्यवस्था. पण ज्यास धनीच नको, त्यास लिलावात कोण घेणार? त्याहून पुष्कळ आधी मनुस्मृतीने गावाभोवती शंभर धनुष्ये जमीन गुरांसाठी राखावयास सांगितले आहे. त्या जमिनीत कोणी कुंपणावाचून पीक केले आणि ते गुरांनी खाल्ले, तर गुराख्यास दंड नाही, असाही तिचा निर्णय आहे. चरण्यास जागा, पिकास कुंपण आणि कळपास राखणारा, ही तिन्ही तेथे गृहीत धरलेली आहेत. आज सडे आहेत, कोठे कोठे गडगेही उभे आहेत; नाहीसा झाला आहे तो राखणारा.

वाचकहो, या गुरांचा धनी पुष्कळदा तुमच्याआमच्यासारखाच मुंबईपुण्यास असतो. गावचे घर त्याने कुलूप लावून ठेवले आणि गोठा उघडा टाकला. जनावराच्या कानातील बारा आकडी बिल्ल्यावरून त्याचा पत्ता लागू शकतो. पण पत्ता शोधण्याची वेळ का आणावी? वाडीतील दहा घरांनी वर्गणी करून एक गुराखी ठेवला, तर त्याचे वेतन कोणास जड जाणार नाही. गणपतीस गावी जाल तेव्हा हा विषय वाडीच्या बैठकीत अवश्य काढा. भात निघाल्यावर त्याच ओलीत कुळीथ पेरता आला, तर शेजाऱ्याचे वर्ष निभावेल.