प्रागचे घड्याळ

वाढदिवस साजरे करण्याची चाल आमच्या घरात नव्हती. फार तर आई ओवाळी आणि वाटीभर शेवयांची खीर पुढे ठेवी. त्यामुळे यंदा मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता धाकट्या भावाकडे ड्रेस्डेनला गेलो असता, "दादा, शनिवारी तुझा वाढदिवस. दोन दिवस प्रागला जाऊ," असे त्याने जाहीर केले, तेव्हा मी अंमळ संकोचलोच. एकोणपन्नासावे लागणाऱ्या माणसाने कसले वाढदिवस करायचे! पण तिकिटे आधीच काढून झाली होती.

एल्बे नदीच्या काठाकाठाने गाडी अडीचेक तासांत प्रागला पोचते. हद्द ओलांडली की हीच नदी लाबे होते. पंढरपुरात भीमेची चंद्रभागा होते, तशी.

जुन्या गावच्या चौकात, नगरभवनाच्या भिंतीवर, 1410 सालचे ते प्रसिद्ध घड्याळ आहे. सूर्यचंद्र कोणत्या राशीत आहेत, हे त्यावर दिसते. बाहेरचे कडे जुनी चेक वेळ दाखवते. ती सूर्यास्तापासून मोजायची. आपला वार उगवतीला लागतो, यांचा दिवस मावळतीला! "म्हणजे भिंतीवरचे पंचांगच की!" सौ. म्हणाली. दुसरे असे घड्याळ होऊ नये म्हणून हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढले, अशी कथा सांगतात. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपलीही कथा आहेच. दोन्ही निराधार. (प्रागचे घड्याळ मुळात मिकुलाश नावाच्या कारागिराचे.) सुंदर वस्तू घडवणाऱ्याला शिक्षा झालीच असणार, असे लोकांना का वाटते कोण जाणे.

अकरा वाजले. तबकडीशेजारचा हाडांचा सापळा एका हाताने घंटेची दोरी ओढू लागला. दुसऱ्या हातात वाळूचे घड्याळ. तो मान डोलावून "चला" म्हणतो, आणि आरसेवाला, थैलीवाला कंजूष, तुर्क, सगळे माना हलवून "इतक्यात नाही" म्हणतात. वर खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य सरकत गेले. शेवटी सोनेरी कोंबडा बसक्या आवाजात आरवला. लोक हसले.

मला हसू आले नाही. आमचे अण्णा गेले, तेव्हा त्यांचे एकोणपन्नासावे चालू होते. मी सतरा वर्षांचा, धाकटा अकराचा. या गोष्टीविषयी आम्ही भाऊ कधी बोललो नव्हतो.

भावाने माझ्याकडे न पाहताच विचारले, "विम्याचे कागद लावून ठेवलेस म्हणे?"

मी सौ.कडे पाहिले. ती मोठ्या एकाग्रतेने त्या सापळ्याकडे पाहत होती.

"वहिनीचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मलाही सहा वर्षांनी लागेलच की."

पुढचा कार्यक्रम चार्ल्स पुलाचा होता. 1357 साली ज्याचे काम सुरू झाले, ज्याच्यावर तीस पुतळे आहेत, तो पूल पाहायला सारे जग येते. आम्ही मात्र चौकातच थांबलो. भावाने कुठूनशी कॉफी आणली, सौ.ने डब्यातल्या वड्या काढल्या, आणि बारा वाजायची वाट पाहत आम्ही तिघे अण्णांविषयी बोलत बसलो.