लोड टाकून बघा

शिडाची नौका वाऱ्यावर चालते, मग तिला वीज कशाला हवी, असं आपल्याला घाटावर बसून वाटतं. 'म्हादेई'बद्दल वाचताना उलटंच कळत जातं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ही ५६ फुटी नौका २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यावरून दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यावरूनच, कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली.

एकटा माणूस, पाच-पाच महिने समुद्रात. जीपीएस, रेडिओ, रात्रीचे दिवे, ऑटोपायलट, सगळं बॅटरीवर. आणि हाकेला इलेक्ट्रिशियन नाही.

बहुतेक छोट्या नौकांवर १२ व्होल्टची वायरिंग असते. तिचा स्वभाव नाशिकच्या माझ्या पिढीला ठाऊक आहे, कारण आम्ही लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरसोबत वाढलो. २०२१ च्या उन्हाळ्यात आजी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होती. एका रात्री लाइट गेली आणि इन्व्हर्टर दोन मिनिटांत बंद. बॅटरीला मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. आजीला छोट्या सिलिंडरवर ठेवून बाबा म्हणाले, "रिकाम्या गाडीला चढ कळत नाही. लोड टाकून मोज."

इन्व्हर्टरला मिक्सर जोडला. चालू करताच बॅटरीच्या खांबांवर १२.२, पण इन्व्हर्टरच्या टोकाला जेमतेम १०. दोन व्होल्ट मधेच कुठेतरी गायब! मीटरची एक पिन खांबावर, दुसरी क्लॅम्पवर ठेवली, तर तिथेच सापडले. क्लॅम्पखाली पांढरी-हिरवी बुरशी साठली होती. आधी निगेटिव्ह वायर काढली, मग खायचा सोडा घातलेलं गरम पाणी, पॉलिश पेपर, घट्ट आवळणी, वरून व्हॅसलीन. मशीन पुन्हा सुरू झालं.

नौकेवर हेच काम खारी हवा करते. ओलावा तांब्याच्या तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढतो, म्हणून तिथे कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरतात. तरीही एखादा सांधा गंजतोच. त्याचा रोध ०.१ ओहम झाला आणि ऑटोपायलटने १० अँपिअर ओढले, की १ व्होल्ट तिथेच जळतो. घरच्या २३० व्होल्टमध्ये १ व्होल्ट कुणाला जाणवणार? बारातून एक गेला की यंत्र मान टाकतं. करंट वाहत नसताना मात्र तोच सांधा निर्दोष दिसतो. सर्व्हरचंही असंच: ट्रॅफिक नसताना सगळे दिवे हिरवे.

पण कितीही नीट मोजलं तरी एक दिवस सगळंच तुटू शकतं. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात टॉमींच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली. पाठीच्या दुखापतीने त्यांना उठताही येईना. त्यांनी आपत्कालीन बीकन सुरू केला. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने २४ सप्टेंबरला त्यांना वाचवलं. अशा बीकनला स्वतःची सीलबंद बॅटरी असते. नौकेच्या एकाही वायरशी त्याचा संबंध नसतो.

आमच्याकडे त्यानंतर भरलेला छोटा सिलिंडर कायम आजीच्या पलंगाशी असायचा. इन्व्हर्टर उत्तम चालत होता, तरीही.