मस्तगड ते कोर्लई : एक निवांत दिवस

आम्ही जालन्याच्या मस्तगड भागातली माणसे. गड म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे येते ती निजाम आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ साली बांधलेली गढी आणि तिच्यातली मोठी विहीर. गावातून कुंडलिका नदी वाहते, पण पावसाळा सरला की तिचे पाणी बेताचेच. आमच्या सासूबाईंना आम्ही मायच म्हणतो. सत्तरी ओलांडली तरी मायने समुद्र पाहिला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो योग आला. माय, आम्ही दोघे आणि आठवीतली आमची मुलगी असे चौघे रात्रीच्या रेल्वेने मुंबईला, तिथून एसटीने अलिबागला पाहुण्यांकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूडची एसटी धरली. चौल, रेवदंडा मागे टाकून गाडी खाडीच्या लांबलचक पुलावर आली. शेजारच्या बाईंनी सांगितले, "ही कुंडलिका."

माय चमकली. "आपलीच का? ती इकडं काहून आली?"

"आजी, 'काहून' नाही, 'का' म्हण," मुलगी हळूच म्हणाली. माय गप्प झाली. घरीही हेच चालते. शाळेत गेलेली नात आजीचा शब्द दुरुस्त करते आणि आम्ही हसून सोडून देतो.

नदी आपली नव्हेच. आपली कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. ते पाणी जाते पूर्वेच्या समुद्राला. ही कुंडलिका सह्याद्रीत उगवून पश्चिमेच्या समुद्राला मिळते. नाव एक, वाट निराळी.

कोर्लईला उतरलो. समुद्रात शिरलेली लांबट टेकडी, तिच्यावर किल्ला आणि पायथ्याशी गाव. वाळत घातलेल्या मासळीचा वास, किनाऱ्याला लागलेल्या होड्या. घाई कशाचीच नव्हती. मायने वाळूत उभे राहून पावलांवर पाणी घेतले, ओंजळीने तोंडाला लावले आणि म्हणाली, "खारट हाय खरंच!" तिथून ती तासभर हललीच नाही.

दुपारी दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून किल्ल्यावर गेलो. मायही थांबत थांबत आली. १५२१ साली निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीज चौलला आले. १५९४ मध्ये त्यांनी निजामशाहीकडून हा किल्ला घेतला. १७४० च्या सुमारास तो मराठ्यांकडे गेला, पुढे इंग्रजांकडे. आज वर पडके चर्च आहे, तोफा आहेत, गोड्या पाण्याचे टाके आहे. राज्य कोणाचेच नाही.

उतरताना मायला तहान लागली. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत एका आजीबाईंच्या दारात थांबलो. त्यांनी तांब्याभर पाणी दिले. कोण, कुठले, हे पाणी पिऊन झाल्यावर विचारले. ज्या महाडला १९२७ साली बाबासाहेबांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ते महाड याच जिल्ह्यातले. मायने तांब्या दोन्ही हातांनी परत दिला.

तेवढ्यात आजीबाई नातवावर ओरडल्या. त्यातला एक शब्द आम्हाला कळला नाही. मुलीने विचारले, "ही कोणती भाषा?"

"नो लिंग. म्हणजे आमची भाषा," त्या मराठीत म्हणाल्या.

पोर्तुगीज गेले, त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. त्यांच्या पदरी राहिलेल्या, धर्मांतर केलेल्या इथल्या गोरगरिबांनी त्यांची भाषा आपल्या तोंडात घोळवून आपली करून घेतली. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. शाळा मराठी, बाजार मराठी. ही बोली पुस्तकातून शिकवली गेली नाही, आयांनी लेकरांना दिली. बोलणारे आता हजाराच्या आत-बाहेर. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला.

"तुमची नातवंडे बोलतात ना?" मायने विचारले.

"घरात बोलतात. बाहेर लाजतात," आजीबाई म्हणाल्या.

आमची मुलगी खाली मान घालून ऐकत होती.

संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर बसलो. सूर्य पाण्यात उतरत होता. माय आपल्याच तंद्रीत जात्यावरची ओवी गुणगुणू लागली, बाबासाहेबांवरची. मराठवाड्यातल्या आपल्या आयाबायांनी दळता दळता अशा किती ओव्या रचल्या! त्यांना अक्षर येत नव्हते, म्हणून बाबासाहेब त्यांनी ओवीत लिहून ठेवले. घरात गिरणीचे पीठ आले, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी मायच्या ओठांवर तेवढी उरली.

"आजी, पुन्हा म्हण," मुलगी म्हणाली. तिने पिशवीतून वही काढली. "हळू म्हण. आणि तू म्हणतेस तसंच म्हण, मी तसंच लिहिते."

काळोख पडेपर्यंत सात ओव्या झाल्या. परतीच्या रेल्वेत आणखी अकरा.

वाचक भगिनींनो, समुद्र पाहायला अवश्य जा. पण आपल्या घरातल्या म्हातारीजवळ काय आहे, ते आधी विचारून घ्या. गडाचा दगड पडला तरी पडलेला दिसतो. बोली गेली तर गेलेलीही दिसत नाही. एक वही आणि एक निवांत संध्याकाळ, एवढेच त्याला लागते.